व्हिडिओ पाहून अढी का बसत नाही?

हा आपल्या ताज्या भागाचा लिखित मजकूर. ज्यांचे इयरफोन बॅगेच्या तळाशी गेलेत किंवा ज्यांचा डेटा दुपारीच संपतो, त्यांच्यासाठी. बोलताना मी शंभर वेळा ‘म्हणजे’ म्हणतो, तेवढं काढलंय. बाकी जवळपास तसंच ठेवलंय.

या भागाची सुरुवात एका व्हॉइस नोटपासून झाली. दर्यापूरकडचा एक सतरा वर्षांचा पोरगा. म्हणाला, "दादा, मले मल्लखांब शिकाचा आहे. बारावीनंतर फिजिकल एज्युकेशनले जाचं आहे. अढीचे व्हिडिओ पाहून पाहून पाठ झाले, स्लो मोशनमंदी पन पाह्यले. पन खांबावर गेलो का सटकून खाली. बाकीचे पोट्टे हासते. मले सांगा, प्रॉब्लेम माह्या डोक्यात आहे का पायात?"

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: अढी म्हणजे दोन्ही पायांनी खांबाला घातलेली मिठी. पाय एकमेकांत अडकवून पकड घ्यायची आणि हात मोकळे करायचे. मल्लखांबातलं हे अगदी पहिल्या इयत्तेचं काम.

त्याचा प्रश्न मला इतका आवडला की मी आठवडाभर तोच घेऊन फिरत होतो. डोक्यात का पायात? उत्तर आहे: डोक्यात. पण तो म्हणतो तसा प्रॉब्लेम वगैरे काही नाही. आणि हाच प्रश्न मला आमच्या घरातही, अकोल्याला, वेगळ्या रूपात भेटला. ते पुढे सांगतो.

आधी एक छोटा प्रयोग करा. तुमच्या फोनला पॅटर्न लॉक असेल तर डोळे मिटून, बोट न हलवता, तो पॅटर्न मला शब्दांत सांगा. वरच्या ओळीतला दुसरा ठिपका, मग खाली, मग... अडखळलात ना? आता बोटानं हवेत काढा. सरळ निघाला. किंवा मराठी कीबोर्डवर ‘ठ’ कुठे आहे ते सांगा. मला नाही सांगता येत. पण ‘ठीक आहे’ मी रोज पन्नास वेळा लिहितो, आणि अंगठा बरोब्बर तिथेच जातो.

म्हणजे आपल्याला एखादी गोष्ट ‘माहीत असणं’ आणि ती ‘येणं’ ही मेंदूच्या दृष्टीनं दोन वेगळी खाती आहेत. याचा सगळ्यात गाजलेला पुरावा हेन्री मोलायसन नावाच्या अमेरिकन माणसाकडून मिळाला. १९५३ मध्ये त्याच्या फिट्स थांबाव्यात म्हणून मेंदूची शस्त्रक्रिया झाली, दोन्ही बाजूंच्या हिप्पोकॅम्पसचा बराचसा भाग काढला गेला. फिट्स कमी झाल्या, पण नवी आठवण बनणंच थांबलं. पाच मिनिटांपूर्वी भेटलेला माणूस त्याला पुन्हा नवाच वाटायचा. ब्रेंडा मिल्नर या संशोधक बाईंनी त्याला एक काम दिलं: आरशात पाहून चांदणीच्या दोन रेषांच्या मधून पेन्सिल फिरवायची. हे करून बघा, डोकं फिरतं, कारण आरशात हात उलटा जातो. तीन दिवस त्याच्याकडून हे करून घेतलं. तिसऱ्या दिवशी त्याचा हात सफाईनं चालत होता. पण आपण हे आधी केलंय, हे त्याला अजिबात आठवत नव्हतं.

हात शिकला होता. माणसाला पत्ता नव्हता.

आता आपल्या दर्यापूरच्या मित्राचं उलट झालंय. माणसाला सगळं माहीत आहे, पायांना पत्ता नाही. व्हिडिओनं भरलं ते पहिलं खातं. खांबावर चढल्यावर पैसे काढायला तो गेला दुसऱ्या खात्यात, आणि तिथे बॅलन्स शून्य.

हा प्रश्न अमरावतीच्या बाजूनं आला याचं मला नवल वाटलं नाही. वैद्य बंधूंनी १९१४ मध्ये सुरू केलेलं हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ इथलंच. १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी या मंडळाचा चमू थेट जर्मनीत गेला आणि आपले देशी खेळ तिथे करून दाखवून आला. विचार करा, राजेहो, अमरावतीहून बर्लिन, तेही बोटीच्या जमान्यात! त्या पोरांनी एकही रील पाहिलेली नव्हती. त्याच्याही आधी, एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला, दुसऱ्या बाजीरावाच्या पदरी असलेल्या बाळंभटदादा देवधरांनी हा व्यायाम पुन्हा उभा केला, तो कुस्तीगिरांसाठी. खांब म्हणजे न दमणारा, न चिडणारा प्रतिस्पर्धी. वरचा गोल भाग बोंड, त्याच्याखाली मान, मग अंग. नावंसुद्धा माणसासारखीच.

आणि हा प्रतिस्पर्धी गुळगुळीत असतो. त्याला एरंडेल तेल लावलेलं असतं. म्हणजे पकड थोडी जरी चुकली तरी घसरगुंडी. इथे खरी गंमत सुरू होते, कारण इथे मेंदूसमोर वेळेचं गणित उभं राहतं.

डोळ्यांनी काही पाहून, ते मेंदूत पोचून, मेंदूनं ठरवून, स्नायूला हुकूम देऊन स्नायू हलेपर्यंत साधारण सेकंदाचा पाचवा भाग जातो. ऐकायला काहीच नाही वाटत. पण शाळेतलं पडणाऱ्या वस्तूचं सूत्र आठवा. ०.२ सेकंदात मोकळी पडणारी वस्तू जवळपास २० सेंटिमीटर खाली येते. एक वीत! खांबाला घासत येताना थोडं कमी, पण मुद्दा लक्षात घ्या: ‘अरे, पाय सटकतोय’ हे डोळ्यांना दिसून पाय आवळेपर्यंत तुम्ही वीतभर खाली आलेले असता. स्पर्शाची बातमी जरा लवकर पोचते, मणक्यातल्या आपोआप होणाऱ्या प्रतिक्रिया त्याहून लवकर. तरीसुद्धा, ‘आधी होऊ दे, मग बघू’ या पद्धतीनं मल्लखांब काय, साधं चालणंही जमणार नाही.

मग जमतं कसं? मेंदू वाट पाहत नाही. तो अंदाज बांधतो.

स्नायूंना हुकूम पाठवताना मेंदू त्या हुकमाची एक प्रत स्वतःजवळ ठेवतो. आणि त्या प्रतीवरून आधीच हिशेब करतो की आता पायाला किती दाब जाणवेल, अंग किती झुकेल, खांब मांडीला कुठे टेकेल. खरी बातमी नंतर येते आणि अंदाजाशी जुळवून पाहिली जाते. जुळली तर काही नाही, पुढे चला. नाही जुळली तर घंटा वाजते.

याचा अनुभव तुम्ही घेतलाय. घरातला गॅस सिलिंडर भरलेला समजून दोन्ही हातांनी जोर लावून उचलायला गेलात, आणि तो निघाला रिकामा. हात झटक्यात वर, आपण मागे. तुमच्या मेंदूनं भरलेल्या सिलिंडरचा अंदाज बांधून ताकद आधीच पाठवून दिली होती. स्वतःला गुदगुल्या होत नाहीत, त्याचंही कारण हेच. आपल्याच बोटाचा स्पर्श कधी, कुठे होणार हे मेंदूला आधीच ठाऊक असतं, म्हणून तो त्या बातमीचा आवाज बारीक करतो. लंडनच्या संशोधकांनी १९९८ मध्ये लोकांना स्कॅनरमध्ये झोपवून, हाताला गुदगुल्या करून हे तपासलं होतं. संशोधनात अशीही नोकरी असते बरं का.

हा अंदाज बांधण्याचं मोठं काम डोक्याच्या मागच्या बाजूला, मानेच्या वर असलेला लहान मेंदू करतो. नाव लहान आहे, वजनही सगळ्या मेंदूच्या दहाव्या भागाएवढंच. पण माणसाच्या मेंदूतल्या साधारण ८६ अब्ज चेतापेशींपैकी सुमारे ६९ अब्ज या लहान मेंदूत आहेत. मला हा आकडा पहिल्यांदा कळला तेव्हा खरा वाटला नव्हता. आपण ‘मेंदू’ म्हटलं की कविता, गणित, प्रेमभंग वगैरे डोळ्यांसमोर आणतो. आणि पेशींचा ढीग कुठे, तर तोल आणि हालचाल सांभाळणाऱ्या कोपऱ्यात. (हल्ली असं दिसतंय की लहान मेंदूचा विचार आणि भाषेशीही संबंध आहे, पण तो वेगळ्या भागाचा विषय.) दारू प्यालेला माणूस झुलतो, बोलताना जीभ घसरते, बटण लावताना बोट चुकतं, ते बऱ्याच अंशी हा लहान मेंदू गुंगल्यामुळे.

आता घंटा वाजते तेव्हा काय होतं, ते बघू. माझ्या मते सगळ्या भागाचा जीव इथे आहे, म्हणून जरा सावकाश.

लहान मेंदूत पुरकिंजे नावाच्या पेशी असतात. दिसायला पंख्यासारख्या पसरलेल्या, फार देखण्या. एकेका पेशीला लाखाहून जास्त बारीक धागे येऊन जोडलेले असतात, आणि त्यांच्यावरून ‘आत्ता शरीर कसं आहे, काय हुकूम गेलाय’ याची माहिती सतत वाहत असते. पण याशिवाय प्रत्येक पेशीला एक वेगळा, दणकट धागा वेलीसारखा गुंडाळलेला असतो. फक्त एक. हा धागा एरवी बहुतेक वेळ शांत. अंदाज चुकला की तो जोरात खणखणतो. आणि तो खणखणला त्या क्षणी जे बारीक धागे चालू होते, त्यांची जोडणी सैल होते. जपानचे शास्त्रज्ञ मासाओ इतो यांनी हे प्रयोगात दाखवलं. सोप्या भाषेत, चुकीच्या हालचालीत ज्यांचा हात होता त्यांचं मत पुढच्या वेळी कमी मोजलं जातं.

म्हणजे बघा, मेंदूत हालचाल शिकवणारा जो धागा आहे, तो चूक झाल्यावरच बोलतो. आणि चूक म्हणजे कुणाची? तुमच्या हुकमाची, तुमच्या अंदाजाची, तुमच्या पायाची. दुसऱ्याचा व्हिडिओ पाहताना तुम्ही हुकूम पाठवलेलाच नाही. अंदाज बांधला नाही, तर चुकणार काय?

यावर २०१८ मध्ये अमेरिकेत एक मजेशीर अभ्यास प्रसिद्ध झाला. टेबलावर भांडी तशीच ठेवून खालचं कापड झटक्यात ओढायचं, ती करामत माहीत असेल. काही लोकांना तिचा व्हिडिओ एकदा दाखवला, काहींना वीस वेळा. वीस वेळा पाहिलेल्यांना खात्री जास्त वाटू लागली की ‘हे मला जमेल’. पुढे डार्ट फेकणं, मूनवॉक अशाही गोष्टी घेऊन तपासलं. आत्मविश्वास वाढला, कामगिरी वाढली नाही. आता आपण दिवसभर अंगठ्यानं जे सरकवत असतो, त्यात स्वयंपाक, जिम, नाच, बॅटिंग, सगळं ‘फक्त तीन स्टेप्स’ मध्ये असतं. आपल्याला खूप काही येतंय असं वाटायला लावणारं यंत्र खिशात आहे. मी स्वतः याला फसलोय. फुलका कसा फुगवायचा याचे मी किती व्हिडिओ पाहिलेत ते विचारू नका.

पण व्हिडिओला सरसकट नावं ठेवणंही बरोबर नाही. लंडनमध्येच २००५ मध्ये एक अभ्यास झाला. बॅले नाचणारे आणि कॅपोएरा हा ब्राझिलचा खेळ खेळणारे, दोघांना दोन्ही प्रकारांच्या क्लिप दाखवल्या. ज्याला जे स्वतः करता येत होतं ते पाहताना त्याच्या मेंदूतले हालचालींचे भाग जास्त जागे झाले. म्हणजे आधी करा, पडा, मग व्हिडिओ पाहा. तेव्हा तुमचा मेंदू त्यात शोधण्यासारखं काहीतरी घेऊन बसलेला असतो: ‘अच्छा, तो घोटा इथे फिरवतोय, मी नाही फिरवत.’ पहिल्या पाहण्यात हा घोटा दिसतच नाही.

दादरच्या श्री समर्थ व्यायाम मंदिराचे उदय देशपांडे सरांना २०२४ मध्ये पद्मश्री मिळाली. त्यांनी दृष्टिहीन मुलांनाही मल्लखांब शिकवलाय. ज्यांनी खांब कधी पाहिला नाही, दुसऱ्याची अढी कधी पाहिली नाही, ती मुलं खांबावर चढून कसरती करतात. कारण शरीराला डोळ्यांशिवाय आणखी एक इंद्रिय आहे, जे शाळेच्या ‘पंचेंद्रियां’च्या धड्यात नसतं. स्नायूंच्या आत, सांध्यांमध्ये, स्नायूच्या टोकाला असे बारीक संवेदक असतात, जे किती ताण आहे, सांधा किती वाकलाय, हे सतत वर कळवत असतात. त्याला प्रोप्रिओसेप्शन म्हणतात. डोळे मिटून नाकाच्या शेंड्याला बोट लावता येतं ते याच्यामुळे. अढी बसते ती या इंद्रियाच्या जोरावर. आणि हे इंद्रिय स्क्रीनमधून पलीकडे जात नाही. मांडीला खांब कुठे दाबतो, ते कोणताही कॅमेरा तुमच्या मांडीला सांगू शकत नाही.

अजून एक गैरसमज काढायचा आहे. आपल्याला वाटतं की सराव म्हणजे तीच हालचाल तशीच्या तशी हजार वेळा करणं, म्हणजे ती ‘छापली’ जाते. १९२० च्या दशकात मॉस्कोत निकोलाय बर्नस्टाइन नावाच्या शास्त्रज्ञानं हातोडी मारणाऱ्या कुशल कामगारांच्या हाताला छोटे दिवे लावून त्यांचे वेगानं फोटो घेतले. अपेक्षा अशी की उस्तादाचा प्रत्येक घाव सारखाच असणार. निघालं भलतंच. खांदा, कोपर, मनगट दर वेळी जरा वेगळ्या वाटेनं जात होते. फक्त हातोडीचं तोंड ठरल्या जागी पडत होतं. खांदा थोडा चुकला तर मनगट सांभाळून घेत होतं. म्हणजे मेंदू एक ठरलेली हालचाल साठवत नाही, तो प्रश्न सोडवायला शिकतो, आणि दर वेळी नव्यानं सोडवतो. गावातल्या लोहाराच्या भात्याजवळ पाच मिनिटं उभे राहा, दिसेल.

म्हणून सराव थोडा बदलता ठेवला तर बरं. १९७८ च्या एका प्रयोगात लहान मुलांना छोट्या पिशव्या नेम धरून फेकायला दिल्या होत्या. काही मुलांनी फक्त तीन फुटांवरून सराव केला. बाकीच्यांनी दोन आणि चार फुटांवरून, तीन फुटांवरून एकदाही नाही. परीक्षा तीन फुटांवरून घेतली, आणि दोन-चारवाली मुलं पुढे गेली. कारण त्यांच्या मेंदूला प्रत्येक फेकीला हिशेब करावा लागला होता.

इथपर्यंत अमरावती झाली. आता अकोल्याला येऊ.

मधला रस्ता माहीत असेलच. जून २०२२ मध्ये अमरावती-अकोला मार्गावर ७५ किलोमीटरची एक लेन १०५ तास ३३ मिनिटांत टाकून गिनीज रेकॉर्ड झाला होता. त्याच रस्त्यानं मी गेलं वर्षभर जवळपास दर शनिवारी ये-जा करतोय, कारण माझे मोठे मामा अकोल्याला असतात. मामा शिंपी. पस्तीस वर्षं कात्री आणि मशीन. गेल्या वर्षी सकाळी उठले ते उजवा हात आणि पाय जड. बोलणं जरा बोबडं. घरच्यांना वाटलं, झोपेत हात अवघडला असेल. तेल चोळलं, चहा दिला, दुपारपर्यंत वाट पाहिली. मेंदूतली गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं, हे आमच्या घरात एकालाही माहीत नव्हतं. मलाही नाही, आणि मी विज्ञानाचा पॉडकास्ट करतो. तोंड वाकडं, हात लुळा, बोलणं अडखळतं, यातलं एक जरी अचानक झालं तर चहा करत बसू नका, सरळ १०८ ला फोन लावा. आणि शेवटचं ठीक कधी होते, ती वेळ लक्षात ठेवा, डॉक्टर तेच आधी विचारतात.

मामा वाचले. चालायलाही लागले, काठी घेऊन. पण उजवा हात मांडीवर पडलेला. आणि आमचं घर म्हणजे प्रेमळ घर. मामी घास भरवायची. "अहो, राहू द्या, मी देते." भाचे शर्टाची बटणं लावून द्यायचे. मी गेलो की मीही चपला पायात सरकवून द्यायचो. मामा डाव्या हातानं पाणी प्यायला, फोन धरायला शिकले. सगळ्यांना वाटलं, छान, जमवलं त्यांनी.

चार महिन्यांनी एक नवीन फिजिओथेरपिस्ट ताई घरी यायला लागल्या. त्यांनी मामांचं मनगट, बोटं तपासली आणि म्हणाल्या, "काका, तुमचा हात गेलेला नाही. तुम्ही त्याला रिटायर केलंय." मामींना आवडलं नाही ते.

पण हे खरं आहे, आणि याला नाव आहे: शिकलेला न-वापर. एडवर्ड टॉब नावाच्या अमेरिकन संशोधकानं आधी माकडांमध्ये हे पाहिलं. एका हाताची संवेदना गेल्यावर माकड तो हात वापरणंच सोडायचं, हलवता येत असूनही. सुरुवातीला प्रयत्न करतं, फसतं, दुसऱ्या हातानं काम होतं, आणि मेंदू शिकतो की हा हात कामाचा नाही. चांगला हात बांधून ठेवला तर मात्र तोच ‘गेलेला’ हात पुन्हा कामाला लागायचा. यातूनच माणसांसाठी उपचार निघाला. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीत स्ट्रोकनंतर तीन ते नऊ महिने झालेले २२२ रुग्ण होते. दोन आठवडे, जागेपणीचा बहुतेक वेळ चांगल्या हातात जाडा मोजा, आणि अधू हाताकडून रोज कित्येक तास काम. नेहमीचे उपचार घेणाऱ्यांपेक्षा या लोकांचा हात जास्त सुधारला, आणि वर्षभरानंतरही फरक टिकून होता.

दर्यापूरच्या पोराच्या पायात आणि मामांच्या हातात मला एकच गोष्ट दिसते. एकाच्या जागी व्हिडिओतला माणूस अढी घालतोय, दुसऱ्याच्या जागी मामी घास उचलतेय. दोन्हीकडे तो चुकांचा धागा गप्प बसलाय, कारण हुकूमच गेलेला नाही. फरक एवढाच की पोरगा खांबावरून गादीवर पडतो आणि मामांच्या हातातून डाळ सदऱ्यावर सांडते. सांडलेली डाळ पाहणं घरच्यांना फार जड जातं. आम्ही ती सांडू नये म्हणून चार महिने धडपडलो, आणि तेच चुकलं.

एक सांभाळा. हा मोज्याचा प्रकार प्रत्येकाला लागू होत नाही. मनगट आणि बोटांत थोडी तरी हालचाल परतलेली असावी लागते, आणि तोल नीट नसलेल्या माणसाचा चांगला हात अडकवला तर तो पडू शकतो. म्हणून हे ऐकून घरच्या आजोबांचा हात बांधू नका. फिजिओथेरपिस्टना विचारा.

आमच्याकडे ओव्हनचा जाडा हातमोजा आणला. मामांनी तो डाव्या हातात घातला आणि मला वऱ्हाडीत जे ऐकवलं ते इथे लिहिता येत नाही. पहिल्या दिवशी वाटीतल्या वीस राजमा दुसऱ्या वाटीत टाकायला पाऊण तास लागला. अर्ध्या जमिनीवर. मामी स्वयंपाकघरात जाऊन बसली, कारण समोर थांबली असती तर वेचायला आली असती.

आता दर्यापूरच्या दोस्ता, तुझ्यासाठी. एकट्यानं खांबावर जाऊ नकोस. खाली गादी आणि शेजारी शिकवणारे सर हवेतच, कारण पडण्यातून शिकायचं असेल तर पडूनही उठता आलं पाहिजे. अढी घालून हात लगेच सोडायची घाई करू नको. खांबाच्या खालच्या भागावर, जमिनीपासून हातभर उंचीवर, पकड घे, थोडी सैल कर, घसरू दे, पुन्हा आवळ. घसरणं कुठे सुरू होतं ते मांडीला कळू दे. कधी उजवा पाय वर, कधी डावा. आज थोडं वर, उद्या थोडं खाली. दमून गेल्यावर तासभर तेच रेटण्यापेक्षा दोन वेळा अर्धा-अर्धा तास कर. आणि घसरलास की लगेच सरांकडे किंवा हसणाऱ्या पोट्ट्यांकडे पाहू नको, दोन सेकंद थांब आणि आधी पायालाच विचार, काय झालं.

आणि झोप. २००२ मध्ये अमेरिकेत बोटांच्या ठरावीक क्रमानं कळा दाबायला शिकवून पाहिलं. शिकल्यानंतर दिवसभर जागे राहिले त्यांचा वेग फारसा बदलला नाही. रात्री झोपून उठले त्यांचा वेग, मधे काहीच सराव न करता, सुमारे २० टक्क्यांनी वाढला होता. दिवसभराचा हिशेब मेंदू रात्री पक्का करतो. तू मला व्हॉइस नोट पाठवली ती रात्री पावणेदोन वाजता. तेवढं बघ.

भाग रेकॉर्ड करण्याच्या आदल्या दिवशी त्याची दुसरी नोट आली: "दादा, अढी बसली! पन फक्त उजवा पाय वर असला तर. डावा वर केला का सटकते." म्हटलं, उत्तम, आता डाव्यावर बस.

आणि मामांनी गेल्या शनिवारी उजव्या हातात कात्री धरून जुन्या चादरीचा एक तुकडा कापला. सरळ रेष मारून दिली होती मामीनं खडूनं. कात्री रेषेवरून तीन वेळा गेली आणि बाकी सगळीकडे भटकली. त्यांनी तो तुकडा उचलून उजेडात धरला, पस्तीस वर्षं गिऱ्हाइकाचं कापड पाहायचे तसा, आणि म्हणाले, "हे कोनत्या नवशिक्यानं कापलं बे?" मग दुसरी चादर मागितली.